नानांच्या पाटावर

५ मार्च १९९५, रविवार

गायत्रीने ही डायरी माझ्या हातात दिली. म्हणाली, "काका, तुम्ही कुणाशी बोलत नाही. निदान लिहा तरी." ती वकिलीच्या पहिल्या वर्षाला आहे, त्यामुळे तिचं साधं सांगणंही हुकमासारखं असतं. बापावर गेली आहे.

मला लिहिण्याची सवय आहे ती बिलांची. सुरतेच्या मार्केटात कापडाच्या पेढीवर मी बिलं लिहितो. माल कुणाचा, जाणार कुठे. तसंच इथेही लिहितो.

माझे मोठे भाऊ ॲडव्होकेट भगवान बोरसे जानेवारीच्या शेवटी वारले. आम्ही त्यांना नाना म्हणायचो. वय बावन्न. सकाळी कोर्टात जायला निघाले आणि पर्वत पाटियाच्या चौकापुढे रिक्षातच गेले. सेशन्स कोर्टात सरकारतर्फे खटले चालवायचे. कोर्ट सुटलं की सुकलाल आप्पांकडे जायचे. आप्पा म्हणजे इथल्या खानदेशी लोकांचे पुढारी, लूमचे, म्हणजे यंत्रमागांचे मालक. आप्पांनी कुठे बोलायचं, कुठे गप्प बसायचं, कुणाच्या मयताला आधी पोहोचायचं, हे नाना सांगायचे. लोक म्हणायचे, तोंड आप्पांचं आणि डोकं बोरसे वकिलांचं. नानांना हे ऐकायला आवडायचं का, मला माहीत नाही. मी कधी विचारलं नाही.

घरात आता माय, वहिनी, त्यांची मुलगी गायत्री, मी आणि माझी बायको चंचल. आम्हाला मूल नाही. नानांना मुलगा नाही. त्यामुळे क्रियाकर्म मी केलं.

एवढं पुरे.

९ मार्च

आज जेवताना गायत्री अचानक हसली आणि मग वहिनीही हसल्या. महिन्याभरानंतर पहिल्यांदा. कारण आमचं घरातलं कोर्ट.

नानांची एक पद्धत होती. मोठ्या खटल्याचं शेवटचं भाषण असलं की आदल्या रविवारी दुपारी ते घरात कोर्ट भरवायचे. माय खाटेवर बसायची, ती जज्ज. मी भिंतीला टेकून उभा, मी आरोपी. कितीतरी खून, दरोडे आणि एक बनावट नोटांचं प्रकरण माझ्या नावावर आहे. नाना आधी बचावाच्या वकिलाचं भाषण करायचे. बहुतेक वेळा समोर छगनभाई देसाई असायचे, त्यामुळे नाना छगनभाई व्हायचे. पोट पुढे काढायचे, चष्मा नाकाच्या टोकावर आणायचे आणि म्हणायचे, "नामदार, मारो असील तो गाय जेवो छे." माझा अशील गाईसारखा आहे. सगळे माझ्याकडे बघून हसायचे. मग सरकारची बाजू. ती करताना ते चष्मा काढायचे आणि आवाज इतका खाली आणायचे की माय पुढे वाकायची.

निकाल ठरलेला. माय म्हणायची, "सोडी दे रे त्याले. त्यानी माय वाट देखी ऱ्हायनी व्हई."

"माय, तू माले एकबी केस जिकू देस नही."

"तू कोरटमा जिक. आठे मनं कोरट शे."

छगनभाईंना मी कधी जवळून पाहिलेलं नाही. तरी ते आमच्या घरातलेच असल्यासारखे वाटतात.

१४ मार्च

दुपारी बमरोलीहून एक बाई आली होती म्हणे. सखुबाई नाव. मराठवाड्याकडची. मायजवळ थोडा वेळ बसली, पाणी प्यायली आणि गेली. नानांच्या कुठल्या तरी खटल्यातली असेल. मी पेढीवर होतो. वहिनी त्याबद्दल जास्त काही बोलल्या नाहीत.

१९ मार्च, रविवार

आप्पा आले. बरोबर चार माणसं होती, त्यांना खालीच थांबवलं. नानांच्या फोटोपुढे बसून रडले. खोटं रडले असं मी म्हणणार नाही. नाक पुसत म्हणाले, "कुंदन, मी आता भाषणाला उभा राहतो आणि शब्दच सापडत नाही रे. तो मागे उभा असायचा ना."

मग विषय आखाजीचा निघाला.

गायत्री सुरतेत वाढलेली, तिला काही माहीत नव्हतं, म्हणून मी तिला नंतर समजावलं ते इथे लिहितो. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आपल्याकडे गेलेल्या माणसाच्या नावाने पाण्याची घागर भरतात. पहिल्या वर्षाची घागर महत्त्वाची. त्या दिवशी एका माणसाला पित्तर म्हणून जेवायला बोलावतात. तो आपल्या रक्ताचा नसावा, वयाने गेलेल्याच्या जवळपास असावा. तो पाटावर बसला की जेवून उठेपर्यंत तोच गेलेला माणूस. त्याच्या पाया पडायचं, त्याला त्याच नावाने हाक मारायची. आमच्या घरात त्याच्याशी बोलतात सुद्धा. राहिलेलं बोलून घेतात. बाबांच्या वेळी माय पित्तराशी तासभर भांडली होती. तो बिचारा शेजारचा शिंपी होता, मान खाली घालून जेवला.

आप्पा म्हणाले, "पाटावर मी बसणार. दुसऱ्या कुणाचा हक्क पोचतो? गोडादऱ्याच्या मैदानात मोठा मंडप टाकू. सगळ्या समाजाला जेवण. घरात कशाला?"

महापालिकेची निवडणूक जूनमध्ये आहे. आप्पा उभे राहणार हे सगळ्यांना माहीत आहे.

"आणि सरस्वतीबाईंच्या नोकरीचं माझ्या डोक्यात आहे. शाळेच्या मंडळाशी बोललोय," असंही म्हणाले. सरस्वती म्हणजे वहिनी. नानांना पेन्शन नव्हती. सरकारी वकिलाला नेमणूक असेपर्यंतच फी मिळते. हे मला ते गेल्यावर कळलं.

मी म्हणालो, "बघू."

आप्पा गेल्यावर चंचल म्हणाली, "तुमचं बघू म्हणजे हो. लग्नालाही तुम्ही बघूच म्हणाला होता."

वहिनींनी चहा आतूनच पाठवला होता. बाहेर आल्या नाहीत.

२३ मार्च

पेढीवर भूपेंद्रने विषय काढला. तो आमच्याकडे माल बांधतो, बोलायला मोकळा आहे. "आप्पाच बसणार ना पाटावर? बसायलाच पाहिजे. बमरोलीच्या केसमधून भगवानभाऊंनी त्यांना लोण्यातून केसासारखं काढलं होतं." शेठ हसले. मी बिल लिहीत राहिलो. एक आकडा चुकला, ते बिल फाडावं लागलं.

बमरोलीची केस मला ऐकून माहीत आहे. पाच-सहा वर्षांपूर्वी आप्पांच्या बमरोलीतल्या कारखान्यात योगेश नावाचा तरुण कारीगर करंट लागून मेला. वायर उघडी होती. मॅनेजरवर हलगर्जीचा खटला झाला. सरकारतर्फे नाना होते. आणि नानांनीच तो खटला मागे घेतला.

त्या दिवसांत नाना घरी कोर्ट भरवत नव्हते, एवढं मला आठवतं. मी विचारलं नाही. मला वाटलं, मोठ्या माणसाचं काम आहे.

१ एप्रिल, शनिवार

पाडवा. सुतक वर्षाचं, गुढी उभारली नाही. शेजारच्या गच्च्यांवर गुढ्या दिसत होत्या, माय खिडकीकडे पाठ करून बसली.

मी पाणी घेऊन गेलो तर म्हणाली, "पाटवर कोन बठी रे, कुंदन?"

मी आप्पांचं सांगितलं. मंडपाचंही.

तिने पाणी पिऊन तांब्या खाली ठेवला. मग म्हणाली, "जो बठी त्याले मी भगवान म्हनसु. ध्यानमा ठेव." आणि थोड्या वेळाने, "माले त्याले एक ईचारनं शे."

"काय विचारायचंय?"

"त्यालेच ईचारसु."

मी तेव्हापासून हाच विचार करतो आहे. तिच्या कानावर बमरोलीचं गेलं आहे का? सखुबाई तिच्याजवळच बसली होती. माय जर मंडपात, लाऊडस्पीकरशेजारी, आप्पांनाच भगवान म्हणून बमरोलीचं विचारायला लागली तर? आणि नाहीच विचारलं, तर चारशे माणसांदेखत ती आप्पांच्या पायावर डोकं ठेवील आणि त्याचा फोटो निघेल. कुठलं जास्त वाईट ते मला ठरवता येत नाही.

७ एप्रिल, शुक्रवार

अर्धी रजा घेऊन अठव्याच्या कोर्टात गेलो. नानांचा काळा कोट आणि खुर्चीवरची उशी वकिलांच्या खोलीत राहिली होती.

खोलीच्या दारातच एक जाडे गृहस्थ आडवे आले. चष्मा नाकाच्या टोकावर. मी चटकन ओळखलं आणि मला हसू आलं. इतके महिने आलं नव्हतं ते अशा ठिकाणी आलं.

ते माझ्याकडे बघत राहिले. "बोरसेना भाई? कुंदनभाई?" आणि मग खोलीभर ऐकू जाईल असं ओरडले, "अरे, आ तो पेलो आरोपी!" हा तर तोच आरोपी.

दोन-तीन वकील उठून उभे राहिले. सगळ्यांना माहीत होतं. नाना सोमवारी येऊन सगळं सांगायचे म्हणे, मायचा निकालसुद्धा. छगनभाई म्हणाले, "तुमच्या आईच्या कोर्टात मी एकही केस हरलो नाही. इथे किती हरलो ते विचारू नका." ते गुजरातीत बोलत होते. मी मराठीत लिहितो आहे.

मी म्हणालो, "ते तुमची नक्कल करायचे. राग मानू नका."

"मला करून दाखवली होती त्याने. मग मी त्याची केली." असं म्हणून त्यांनी चष्मा काढला. खांदे खाली सोडले आणि अगदी हलक्या आवाजात समोरच्या रिकाम्या खुर्चीला विचारलं, "तुम्ही दार उघडलंत तेव्हा आत उजेड होता का?"

नानाच होते. मी कोटाची घडी घालायला लागलो. घडी नीट बसेना.

त्यांनी मला कँटीनला नेलं. म्हणाले, "तो म्हणायचा, माझा भाऊ बोलत नाही, म्हणून मला त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहावं लागतं. आरोपीकडे कसं बघायचं ते मी तिथे शिकलो." ते माझं मन राखायला बोलले असतील.

मग मी विचारलं. कसं विचारलं ते मलाच कळलं नाही. "बमरोलीच्या केसमध्ये बचावाचे वकील कोण होते?"

"मी," ते म्हणाले.

त्यांनी चहा सांगितला. मग सांगितलं ते असं.

दोनच साक्षीदार होते, दोघेही आप्पांच्याच कारखान्यातले. दोघेही कोर्टात फिरणार हे ठरलेलं होतं. छगनभाई म्हणाले, "केस माझ्या खिशात होती. त्याला ते माहीत होतं." मग नाना आप्पांकडे गेले. म्हणाले, मेलेल्याच्या बायकोच्या नावावर बमरोलीत खोली करा आणि तिला लूमवरचं नाही असं दुसरं काम द्या. नाहीतर मी हरण्यासाठी का होईना, शेवटच्या तारखेपर्यंत केस चालवीन, आणि प्रत्येक तारखेला तुमचं नाव पेपरात येईल. आप्पांनी ऐकलं. खोलीचं झाल्यावर नानांनी खटला मागे घ्यायचा अर्ज दिला.

"तो अर्ज सरकारी वकिलाने स्वतःच्या विचाराने द्यायचा असतो," छगनभाई म्हणाले. "वरून कुणी सांगितलं, असं म्हणता येत नाही. त्याने सही केली, कुणाचं नाव पुढे केलं नाही. लोक बोलले ते ऐकून घेतलं."

"मग त्यांनी बरोबर केलं?"

"मी बचावाचा माणूस. मला विचारू नका." कप फिरवत राहिले. "त्यानेही मला विचारलं होतं. छगन, तू माझ्या जागी असतास तर? मी म्हटलं, मी केस चालवली असती, हरलो असतो आणि घरी जाऊन झोपलो असतो. तो म्हणाला, आणि ती बाई? त्या दिवशी आम्ही दोघांनी चहा घेतला नाही. नाहीतर वीस वर्षांत कधी चुकला नव्हता."

मी निघताना त्यांनी नानांची उशी स्वतः कागदात बांधून दिली.

९ एप्रिल, रविवार

सकाळी वहिनी डाळ निवडत बसल्या होत्या. मी जाऊन त्यांच्यासमोर बसलो. मी असा कधी बसत नाही, म्हणून त्या थांबल्या.

मी छगनभाईंचं सगळं सांगितलं. मला वाटलं, त्यांना बरं वाटेल.

वहिनी म्हणाल्या, "मला माहीत होतं, भाऊजी. त्यांनी मला तेव्हाच सांगितलं होतं." मग म्हणाल्या, "सखुबाई आली होती ना, ती त्याच योगेशची बायको. मला म्हणाली, खोली दिली वकीलसाहेबांनी, पोरं त्यात मोठी झाली. पण मला खोली नको होती हो बाई. मला एकदा कोर्टात उभं राहून सांगायचं होतं."

"मग आली कशाला?"

"मी पण तेच विचारलं. म्हणाली, माहीत नाही, बातमी कळली आणि पाय निघाले."

आम्ही दोघांनी मिळून सगळी डाळ निवडली.

नंतर त्या म्हणाल्या, "माझ्या नोकरीसाठी कुणाला पाटावर बसवू नका. मी शिवणाची कामं घ्यायला लागले आहे. चंचलने सांगितलं नाही का?"

सांगितलं नव्हतं. घरात माझ्या मागे बरंच काही चाललेलं असतं असं दिसतं.

१२ एप्रिल

पुन्हा कोर्टात गेलो. छगनभाई उलटतपासणीत होते. बाहेर बाकावर बसून राहिलो. एक पट्टेवाला मला आरोपीचा नातेवाईक समजून धीर देऊन गेला.

ते आल्यावर मी आखाजीचं सांगितलं. पाटावर बसाल का, म्हणून विचारलं.

"शुं करवानुं?"

"जेवायचं."

"ते येतं मला. अजून?"

"माय तुम्हाला भगवान म्हणेल. काहीतरी विचारणार आहे. काय ते आम्हाला माहीत नाही."

त्यांनी चष्मा काढून हातात धरला. नक्कल नव्हती. "कुंदनभाई, आख्खी जिंदगी मी त्याच्या विरुद्ध बोललो आहे. त्याच्या वतीने कधीच नाही." मग म्हणाले, "वकालतनामा कोण देणार?"

"माय देईल."

"तर मग येतो."

रस्त्यावर आल्यावर लक्षात आलं की मी आप्पांना अजून नाही म्हटलेलंच नाही. एका पाटावर दोन माणसं झाली. चंचलला सांगितलं तर ती कपाळावर हात मारून खाली बसली आणि हसतच सुटली. "अहो, मुलगी दोन ठिकाणी दिल्यासारखं केलंत तुम्ही!"

१६ एप्रिल, रविवार

काल आप्पांकडे गेलो होतो. त्यांनी फाफडा-जलेबी मागवली. निमंत्रणाच्या कार्डाचा नमुना दाखवला. नानांचा फोटो लहान आणि आप्पांचा मोठा. मी फाफडा खाल्ला. बघू म्हणून परत आलो.

आज दुपारी गायत्रीने कोर्ट भरवलं. नाना गेल्यावर पहिल्यांदाच. मायला खाटेवर बसवलं. गायत्री स्वतः आप्पा झाली. पोटाला उशी बांधली, खांद्यावर पंचा घेतला. आप्पांसारखा हात वर करून म्हणाली, "कुंदन! पाटावर मी बसणार! बोल!"

मी म्हणालो, "आप्पा, तसं बघायला गेलं तर…"

"आरोपीने सरळ उत्तर द्यावं," वहिनी म्हणाल्या.

"नाही म्हणजे…"

"जोरात!" चंचल.

"आप्पा, तुम्ही बसू नका," मी म्हणालो. आवाज फार मोठा झाला असावा, कारण शेजारच्या गच्चीवरच्या बाईने वाकून बघितलं.

सगळ्यांनी मायकडे पाहिलं. माय माझ्याकडे बघत होती. तिने निकाल दिला नाही. म्हणाली, "आठे नको सांगू भाऊ. तठे जाईसन सांग."

तिथे जाऊन सांग.

२३ एप्रिल, रविवार

जाऊन सांगितलं.

आप्पा झोपाळ्यावर होते. मी बसलो नाही, कारण बसलं की फाफडा येतो. उभ्यानेच म्हणालो, "आप्पा, मंडप नको. घागर घरात भरायची. पाटावर छगनभाई देसाई बसणार. तुम्ही जेवायला या."

झोपाळा थांबला. "देसाई? बचावाचा वकील? गुजराती माणूस आपला पित्तर?"

"रक्ताचा नसावा एवढंच लागतं. लोटू काकांना विचारलं मी." लोटू काका आमचं सगळं क्रियाकर्म बघतात. त्यांनाही आधी पटलं नव्हतं. मग चंचल त्यांना म्हणाली होती, "काका, गुजराती माणसाचं पोट वेगळं असतं का?"

आप्पा पुष्कळ बोलले. मी या घरासाठी काय केलं, भगवानला कुणी मोठं केलं, पेढीवर तुझ्या शेठला मी ओळखतो. मी उभा राहिलो. मला उभं राहायची सवय आहे.

बोलून झाल्यावर ते खाली बघत बसले. मग निराळ्याच आवाजात म्हणाले, "शेवटचं काय सांगितलं त्याने मला, माहीत आहे? म्हणाला, आप्पा, यंदा उभे राहू नका. लोकांना तुमचा कंटाळा आलाय, आणि तुम्हालाही. मी त्याच्यावर ओरडलो. आठ दिवसांनी तो गेला." पुढे म्हणाले, "तुझ्या मायने मला भगवान म्हणून हाक मारली असती, तर मला वाटलं असतं, मिटलं."

मी म्हणालो, "आखाजीला आंब्याचा रस आहे. या."

शेठशी ते खरंच बोलले तर काय, हा विचार आता येतो आहे.

२८ एप्रिल

शेठ काही बोललेले नाहीत. शाळेच्या मंडळाकडूनही निरोप नाही. तो आता येणारही नाही असं वाटतं. वहिनींकडे तीन ब्लाउज शिवायला आले आहेत.

माय पुरणाची डाळ स्वतः बघून घेते आहे.

२ मे, मंगळवार. आखाजी

घागर मी भरली. नव्या मातीच्या घागरीवर खरबूज आणि सांजोऱ्या ठेवल्या. आगारी टाकली, म्हणजे निखाऱ्यावर तूप आणि घास. नानांचं नाव घेतलं.

छगनभाई पांढरा लेंगा-झब्बा घालून आले. दारात चपला काढताना मला हळूच म्हणाले, "काही चुकलं तर खुणेनं सांगा." घामाने भिजले होते. कोर्टात इतकी वर्षं काढलेला माणूस. मी त्यांना पाटावर बसवलं, टोपी दिली, पाय धुतले. पाया पडलो. मग वहिनी, गायत्री, चंचल.

माय सगळ्यांत शेवटी आली. तिला पाया पडायचं नव्हतं, ती आई आहे. ती समोर जमिनीवर बसली आणि त्यांच्याकडे बघत राहिली. छगनभाईंनी खांदे खाली सोडले, मान जरा कलती केली. नाना जेवायला असेच बसायचे. त्यांनी ते मुद्दाम केलं की आपोआप झालं, मला माहीत नाही.

मी पाण्याचा तांब्या घेऊन उभा होतो. बमरोलीचं आता निघणार, असंच मला वाटत होतं.

माय म्हणाली, "भगवान."

"हां माय."

"दुखनं का रे भाऊ तुले, रिक्षामा? एकलाच व्हता तू."

एवढंच तिला विचारायचं होतं. तीन महिने तेच.

छगनभाईंना अहिराणी कळते, आमच्याकडच्या किती साक्षीदारांना त्यांनी पिंजऱ्यात उभं करून पिळलं आहे. त्यांनी हात ताटातून काढला. मायकडे सरळ बघितलं आणि अगदी हलक्या आवाजात, ती पुढे वाकेपर्यंत हलक्या आवाजात म्हणाले, "नही माय. दुखनं नही."

माय थोडा वेळ तशीच वाकून राहिली. मग तिने वाटी ओढून घेतली आणि रस वाढला. "मंग जेव आते. पोटभर जेव."

ते जेवले. मायने वाढत जावं आणि त्यांनी नाही म्हणू नये, असं चाललं होतं. वहिनी आत गेल्या आणि बऱ्याच वेळाने तोंड धुऊन आल्या. गायत्री पंख्याने वारा घालत होती, पंखा भलतीकडेच चालला होता.

मधेच आप्पा आले. एकटे, बरोबर कुणी नव्हतं. दारापाशी उभं राहून त्यांनी पाटाकडे पाहिलं, हात जोडले आणि भिंतीशी जाऊन बसले. त्यांनी निवडणुकीचं काय ठरवलं आहे ते मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही.

जेवण झाल्यावर मी छगनभाईंना हात धुवायला मोरीवर नेलं. हातावर पाणी घालत होतो. ते खाली बघूनच म्हणाले, "पुरावा काही नव्हता माझ्याजवळ, कुंदनभाई. तरी उत्तर देऊन बसलो. भगवानभाईने हरकत घेतली असती."

"नसती घेतली," मी म्हणालो.

त्यांनी वर बघितलं.

"मला माहीत आहे," मी म्हणालो, आणि त्यांच्या हातावर अजून पाणी घातलं. मग पुढची पंगत बसली. मी आप्पांच्या शेजारी बसलो.